झेंडूचं माहेर

भाद्रपदाच्या वद्य पक्षात मावळात इंद्रायणी भात निसवत असतो आणि घरोघरी पितरांची पानं वाढली जातात. वडगाव, कार्ले, लोणावळा, कुठंही जा. खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि कावळ्याला घास. नवमी सवाष्ण गेलेल्या बायकांची, अमावास्या सर्वपित्री.

दूर मेक्सिकोतही पितर घरी जेवायला येतात, १ आणि २ नोव्हेंबरला. १५२१ साली स्पॅनिश सत्ता येण्याआधी तिथले ॲझ्टेक लोक मृतांचे दोन सण लागोपाठच्या महिन्यांत पाळत. आधी लहानग्यांचा, मग मोठ्यांचा. पुढे त्यांची सांगड ख्रिस्ती मृतदिनांशी घातली गेली. मला त्यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते फूल. पितरांना वाट सापडावी म्हणून घरापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, आणि झेंडू मूळचा तिथलाच! आपल्याकडे तो नंतर आला.

आपल्या श्राद्धाला मात्र माका, तुळस, पांढरी फुलं. झेंडूचं तोरण दारावर चढतं ते पितृपक्ष सरल्यावर, दसऱ्याला. म्हणून सर्वपित्री झाली की फूलशेती करणाऱ्यांची तोड्याची घाई सुरू होते.