कोणत्या नियमात बसत नाही?

आज मी जरा हळू आवाजात बोलणार आहे, तेव्हा हेडफोन लावूनच ऐका. मी सरकारी ऑफिसात लिपिक-टंकलेखक आहे, आस्थापना शाखेत बसतो. ऑफिस कुठलं, जिल्हा कुठला, ते सांगणार नाही. आम्हाला वर्तणूक नियम लागू आहेत, १९७९चे. ते आले तेव्हा पॉडकास्ट हा शब्दसुद्धा नव्हता, पण म्हणून काय झालं? आमच्याकडे निवृत्त फक्त माणसं होतात, नियम नाही.

तुमच्यातले बरेच जण एमपीएससीची तयारी करतायत, आणि बाकीचे कधी ना कधी दाखल्यासाठी रांगेत उभे राहणार आहेत. आजचं बोलणं दोघांसाठी.

सुरुवात एका खुर्चीपासून करू. आमच्या शाखेत एक लाकडी खुर्ची आहे. पाय तीन, चौथ्याच्या जागी भिंत. तिच्यावर कुणी बसत नाही आणि तिला कुणी टाकूनही देत नाही, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला आहे. खुर्ची मोडली तरी नोंद मोडत नाही. तिला काढायचं तर निर्लेखन करावं लागतं. म्हणजे प्रस्ताव, पाहणी, निरुपयोगी असल्याचा दाखला, मंजुरी आणि मग लिलाव. प्रस्तावात लिहायचं असतं की खुर्ची कधी घेतली आणि केवढ्याला घेतली. ते ज्या जुन्या रजिस्टरात होतं, ते वाळवीनं खाल्लं. नव्या रजिस्टरात नुसतंच ‘लाकडी खुर्ची, नग १’. त्यामुळे दरवर्षी साठा तपासताना आम्ही तिच्याकडे जातो, तिला मोजतो, ‘आढळून आली’ असं लिहितो आणि परत भिंतीला टेकवून ठेवतो.

दुसरी गंमत ईमेलची. वरच्या ऑफिसातून ईमेल आला की आधी प्रिंट. प्रिंटवर आवकचा शिक्का, नंबर, मग फाईल, टिपणी, सह्या. उत्तर तयार झालं की ते प्रिंट करायचं, सही घ्यायची, स्कॅन करायचं आणि ईमेल करायचं. कागदाचा वापर कमी करा, असं एक परिपत्रक आलं होतं. त्याच्या झेरॉक्स काढून सगळ्या शाखांना पोच घेऊन वाटण्याचं काम माझ्याकडेच होतं.

आणि ‘चर्चा करावी’! फाईल वर गेली की कधीकधी हे दोनच शब्द लिहून खाली येते. चर्चेला जावं तर साहेब मीटिंगला. साहेब आले तर आपण बाहेर. फाईल मात्र कुणाकडेच पेंडिंग नाही, ती चर्चेत आहे.

इथपर्यंत हसायला मजा येते. आता काकांबद्दल सांगतो.

आमच्या ऑफिसातून एक शिपाईकाका निवृत्त झाले. चौतीस वर्षं नोकरी. सकाळी सगळ्यात आधी येऊन कुलूप उघडणारे तेच. नियमाप्रमाणे पेन्शनच्या कागदांची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी. इथे ती निवृत्तीच्या महिन्यात सुरू झाली, आणि सेवापुस्तक उघडल्यावर दिसलं की मधल्या आठ महिन्यांची सेवा पडताळणी झालेली नाही. म्हणजे दरवर्षी सेवापुस्तकात ‘वेतन बिलावरून सेवा पडताळली’ असा जो शेरा मारून साहेबांची सही घेतात, तो त्या आठ महिन्यांचा नव्हता. त्याआधीचा होता, नंतरचाही होता. मधली वेतनवाढसुद्धा लागलेली होती. पण तो एक शेरा नाही.

तेव्हा काका दुसऱ्या तालुक्याच्या ऑफिसात होते. तिकडे पत्र गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: सदर कालावधीची वेतन बिले जतन कालावधी संपल्याने नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत. इकडे आमच्या फाईलवर शेरा पडला: वेतन बिलाची प्रत सादर करावी. एक नियम सांगतो कागद नष्ट करा, दुसरा सांगतो तोच कागद आणा. दोन्ही ऑफिसं नियमानं वागली. काकांचं पेन्शन थांबलं.

काका दर सोमवारी यायचे. गेटवर त्यांना अभ्यागत नोंदवहीत नाव लिहावं लागायचं. ज्या दाराची किल्ली तीस वर्षं त्यांच्या खिशात होती, तिथे ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ते लिहायचे, ‘स्वतःचे’. घरी मुलगी शिकत होती, बायकोच्या गोळ्या चालू होत्या. मला म्हणायचे, “साहेब, बघा ना जरा.” मी त्यांच्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान. मी म्हणायचो, “काका, साहेब नका म्हणू.” पण पाच महिने पगार नाही आणि पेन्शनही नाही, असा माणूस टेबलापलीकडच्या कुणालाही साहेबच म्हणतो.

हे असं का होतं, त्याचं मला कळलेलं कारण सांगतो. आमच्याकडे ‘हो’ म्हणायला सही लागते, ‘नाही’ म्हणायला लागत नाही. पेन्शन मंजूर केलं आणि उद्या त्यात चूक निघाली, तर लेखापरीक्षणात मुद्दा निघतो. सही कुणाची, ते विचारतात. वसुली लागू शकते. पण फाईल त्रुटी काढून परत पाठवली, तर कुठलाही ऑडिटर येऊन विचारत नाही की या माणसाला पाच महिने उपाशी का ठेवलंत. त्यामुळे घाबरलेला माणूस त्रुटी काढतो. प्रत्येक वेळी हरामखोरी नसते. खूपदा नुसती भीती असते, आणि भीतीला लेटरहेड मिळालं की तिचा नियम होतो.

विलंबावर कायदा नाही का? आहे. महाराष्ट्रात २००५चा आहे. साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. मी काय बघितलं? सहाव्या दिवशी एक त्रुटी निघते. फाईल खाली. पुन्हा सात दिवस. कायदा पाळलाही जातो आणि ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हणही खोटी ठरत नाही.

काकांचं पुढे काय झालं? आमच्या कपाटात महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, १९८२ हे पुस्तक आहे. एका दुपारी लाईट गेली होती, कॉम्प्युटर बंद, म्हणून ते काढून खिडकीपाशी वाचत बसलो. त्यात चक्क लिहिलेलं आहे की सेवेची पडताळणी राहिली असेल तर कर्मचाऱ्याचं लेखी निवेदन आणि इतर पुरावे घेऊन ती मान्य करता येते. आणि अंतिम पेन्शनला उशीर होत असेल तर कार्यालयप्रमुख तात्पुरतं निवृत्तीवेतन देऊ शकतात. म्हणजे अडवणारा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता आणि सोडवणारा नियम त्याच पुस्तकात, काही पानं पुढे, झोपलेला होता!

मी टिपणी लिहिली. नियम जसाच्या तसा उतरवला, खाली ‘मान्यतेस्तव सादर’. आमच्या वरिष्ठ बाई अनुभवी. त्या म्हणाल्या, “नियमाचा उतारा वर घे, विनंती खाली. साहेबांना आधी धीर येऊ दे.” तसं केलं. चौथ्या दिवशी सही झाली. काकांना तात्पुरतं पेन्शन सुरू झालं, निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात. महालेखापालांकडून अंतिम मंजुरी यायला त्यानंतरही वेळ लागलाच. त्या मधल्या महिन्यांत त्यांनी गावातल्या एकाकडून व्याजानं पैसे घेतले होते. पेन्शनची थकबाकी मिळाली, पण सावकाराचं व्याज भरून देणारा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

म्हणून आता दोन गोष्टी सांगतो.

जे रांगेत उभे राहणार आहेत, त्यांनी अर्ज दिला की पोच घ्यायचीच. कुणी म्हणालं, “हे नियमात बसत नाही,” तर आवाज न चढवता विचारायचं, “कोणत्या नियमात? लेखी द्याल का?” निम्म्या वेळा तसा नियमच नसतो, नुसती वहिवाट असते. २०१५पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित झालेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. मुदतीचा बोर्ड ऑफिसात लावायचा असतो. कपाटामागे असेल, पण शोधा.

आणि जे उद्या माझ्या शेजारच्या टेबलावर येणार आहेत, त्यांनी पाठ करायला आणखी एक सवय घ्या. अडवणारा नियम सापडला की पुस्तक लगेच मिटू नका. पुढची चार पानं वाचा. माझ्या अनुभवात वाट बहुतेक वेळा तिथेच असते, फक्त तिच्यावर सही करायला कुणीतरी लागतं.

आणि हो, कुणाला तीन पायांची खुर्ची हवी असेल तर लिलावावर लक्ष ठेवा. प्रस्ताव चर्चेत आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पोच घ्या!