शेकडेवारीचा छेद कोणी ठरवावा?

(शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



संगणकावरील कोष्टकाचा जन्म फळ्यापाशी झाला, ही हकीकत शिक्षकांना आवडावी अशी आहे. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात व्यवसायव्यवस्थापनाचे शिक्षण घेणारा डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचे कोष्टक मांडीत होते. त्यांतील एक आकडा बदलावा लागला, आणि तो बदलताच त्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहिणे भाग पडले. हे श्रम यंत्रावर का सोपवू नयेत, असा विचार त्या विद्यार्थ्याच्या मनात आला. बॉब फ्रँक्स्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने तो सिद्धीस नेला, आणि १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ ही आज्ञावली बाजारात आली. आज शाळाशाळांतून वापरली जाणारी एक्सेल आणि गूगल शीट्स ही तिचीच वंशावळ होय.

फळ्यावरचे श्रम वाचले हे खरे. परंतु त्यांबरोबर एक चांगली सवयही सुटत चालली आहे. हाताने शेकडेवारी काढणाऱ्या शिक्षकाला भागाकार मांडण्यापूर्वी छेदात कोणती संख्या लिहावयाची हे स्वतः ठरवावेच लागे. वर्गाचा पट, शाळेचा पट की केंद्रातील सर्व मुले, याचा निर्णय झाल्याखेरीज त्याची लेखणी पुढे सरकत नसे. संगणक हा प्रश्न विचारीत नाही. निर्मात्याने घालून दिलेली एक ठरीव रीत त्याच्या ठिकाणी असते आणि तिच्याप्रमाणे तो क्षणार्धात उत्तर देतो. उत्तर गणिताच्या दृष्टीने निर्दोष असते. मात्र ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोष्टक करणाऱ्याचीच राहते.

एक उदाहरण घ्यावे. समजा, एका केंद्रातील तीन शाळांत तिसरीची एकूण १०० मुले आहेत. गावच्या शाळेत ६०, मधल्या वाडीच्या शाळेत ३० आणि डोंगरालगतच्या वस्तीशाळेत १०. वाचनाची पडताळणी झाली, आणि मुलांची अक्षर, शब्द व उतारा अशा तीन स्तरांत वाटणी करण्यात आली. गावच्या शाळेत १२ मुले अक्षरस्तरावर, १८ शब्दस्तरावर आणि ३० उताऱ्याच्या स्तरावर आढळली. वाडीच्या शाळेत ६, १२ आणि १२. वस्तीशाळेत ६, २ आणि २. ही माहिती प्रत्येक मुलाची एक ओळ याप्रमाणे संगणकात भरून ‘पिव्होट टेबल’ केले, आडव्या ओळींत शाळा व उभ्या स्तंभांत स्तर घेतले, की मुलांची संख्या आपोआप मांडली जाते. इथपर्यंत घोटाळा होण्याचे कारण नाही.

घोटाळा सुरू होतो तो शेकडेवारी मागितल्यावर. एक्सेलमध्ये कोष्टकातील आकड्यावर उजवी कळ दाबली असता ‘शो व्हॅल्यूज ॲज’ अशी यादी उघडते. त्या यादीत शेकडेवारीचा पहिला पर्याय आहे ‘पर्सेंट ऑफ ग्रँड टोटल’, म्हणजे एकंदर बेरजेशी प्रमाण. घाईत असलेला मनुष्य पहिल्याच पर्यायावर बोट ठेवतो, हा सर्वांचा अनुभव आहे. तसे केले की छेद सर्वत्र १०० होतो, आणि अक्षरस्तरावरील मुलांचे प्रमाण असे दिसू लागते: गावची शाळा शेकडा १२, वाडी शेकडा ६, वस्तीशाळा शेकडा ६. हे कोष्टक हाती घेणारा अधिकारी काय म्हणेल? वस्तीशाळेचे काम ठीक चालले आहे, अडचण गावच्या शाळेत आहे, असे म्हणून तो पुढील पान उलटील.

आता त्याच यादीतील ‘पर्सेंट ऑफ रो टोटल’ हा पर्याय निवडावा. छेद त्या त्या शाळेचा पट होतो. गावची शाळा शेकडा २०, वाडी शेकडा २०, आणि वस्तीशाळा शेकडा ६०! दहांतील सहा मुले तिसरीत येऊनही शब्द वाचू शकत नाहीत, हे सत्य पहिल्या कोष्टकात पूर्णपणे झाकले गेले होते. आकडा खोटा नव्हता; छेद अस्थानी होता. मोठ्या पटाच्या छायेत लहान शाळा अशी दिसेनाशी होते, आणि जी मुले मदतीची सर्वांत गरजू असतात तीच मदतीच्या यादीतून वगळली जातात.

म्हणून ओळीची शेकडेवारी तेवढी बरोबर आणि बाकीच्या चूक, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तिसरा पर्याय ‘पर्सेंट ऑफ कॉलम टोटल’ हा आहे. त्यात छेद होतो अक्षरस्तरावरील सर्व २४ मुलांचा, आणि उत्तर मिळते: गाव शेकडा ५०, वाडी २५, वस्ती २५. केंद्रप्रमुखाला अक्षरकार्डांचे संच वाटावयाचे असतील तर त्याला हेच कोष्टक हवे. निम्मे संच गावच्या शाळेला द्यावे लागतील हे त्यावरून लगेच कळते. साहित्य कोठे किती जावे हा एक प्रश्न, आणि कोणत्या वर्गाचे अध्यापन अडले आहे हा दुसरा. दोन्ही प्रश्नांना एकच छेद लावणे म्हणजे शेर आणि हात यांनी एकच वस्तू मोजू पाहणे होय. गूगल शीट्समध्ये हेच पर्याय ‘शो ॲज’ या शीर्षकाखाली मिळतात, आणि तेथे ठरीव रीतीचे नावच ‘डीफॉल्ट’ असे आहे. ती निवडलेली असेपर्यंत शेकडेवारी न होता साधी संख्या दिसते.

याच कोष्टकात आणखी एक सापळा आहे. तिन्ही शाळांची ओळवार शेकडेवारी ६०, २० आणि २० अशी आली. केंद्राची म्हणून या तिन्हींची सरासरी काढली तर ३३ पेक्षा थोडे अधिक येतात. वस्तुतः १०० मुलांपैकी २४ अक्षरस्तरावर आहेत, म्हणजे केंद्राचे प्रमाण शेकडा २४ आहे. पिव्होट टेबलाची शेवटची ‘ग्रँड टोटल’ची ओळ मूळ नोंदींवरून हिशेब करीत असल्याने तेथे २४ हाच आकडा येतो. शेकडेवाऱ्यांची पुन्हा सरासरी हाताने काढणारा मात्र १० मुलांच्या शाळेला ६० मुलांच्या शाळेइतकेच वजन देऊन बसतो.

छेदाचा हा प्रश्न किती दूरवर जातो, हे अमेरिकेतील एका प्रसिद्ध प्रकरणावरून ध्यानात येईल. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी आणि ४,३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी शेकडा ४४ जणांना व स्त्रियांपैकी शेकडा ३५ जणींना प्रवेश मिळाला. साऱ्या विद्यापीठाचे एकच कोष्टक पाहता स्त्रियांवर उघड अन्याय झाल्यासारखे दिसत होते. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या तिघा अभ्यासकांनी विभागवार कोष्टके केली व आपला लेख १९७५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. विभागवार पाहता बहुतेक ठिकाणी स्त्रियांविरुद्ध पक्षपात आढळेना. ज्या विभागांत प्रवेश मुळातच अवघड होता, तेथे स्त्रियांचे अर्ज अधिक प्रमाणात गेले होते. त्यांनी मूळ नोंदी बदलल्या नव्हत्या. हिशेब साऱ्या कोष्टकाचा करावयाचा की त्यातील एकेका खणाचा, एवढेच त्यांनी निराळे ठरविले. स्त्रिया त्याच विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न अर्थातच त्यानंतर उभा राहतो. पण तो योग्य ठिकाणी उभा राहतो.

कोऱ्या घराविषयीही सावध असावे. दहा मुलांच्या वर्गात दहा गुणांची चाचणी झाली, दोन मुले गैरहजर होती आणि आठ मुलांच्या गुणांची बेरीज ५६ आली, असे समजावे. गैरहजर मुलांची घरे कोरी ठेवली तर सरासरीचे सूत्र ती वगळते आणि उत्तर ७ येते. तेथे शून्य भरले तर छेद १० होतो आणि उत्तर ५.६ वर घसरते. दिवाळीनंतर ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांबरोबर जी मुले गाव सोडतात, त्यांच्या नावापुढे शून्य लिहिणे म्हणजे न दिलेल्या परीक्षेत त्यांना नापास करणे होय. उलट घर कोरे ठेवून केवळ ७ ही सरासरी वर पाठविणे म्हणजे ती दोन मुले पटावर आहेत हेच विसरणे. ‘पटावर १०, हजर ८, हजर मुलांची सरासरी ७’ असे तिन्ही आकडे लिहिले म्हणजे दोन्ही दोष टळतात. गुणांच्या स्तंभात ‘गैरहजर’ हा शब्द लिहिण्याची चाल काही ठिकाणी आहे. तिचा परिणाम असा होतो की, त्या स्तंभात अक्षरे आढळताच एक्सेलचे पिव्होट टेबल बेरजेऐवजी नोंदींची गणती करते. गुणांच्या जागी मुलांची संख्या छापली जाते आणि ती गुण म्हणून पुढे जाते. शीर्षकात ‘सम’ आहे की ‘काउंट’, हे पाहून ‘समराइझ व्हॅल्यूज बाय’ या यादीतून योग्य पर्याय निवडावा, आणि गैरहजेरीसाठी निराळा स्तंभ ठेवावा.

शेकडेवारीला जसा छेद, तशी चढत्या बेरजेला दिशा लागते. वाचनपेटीतील पुस्तके जूनमध्ये ४०, जुलैत ६० आणि ऑगस्टमध्ये ५० वाचली गेली, तर चढती बेरीज ४०, १०० आणि १५० अशी व्हावयास पाहिजे. ही बेरीज महिन्यांच्या दिशेने चालली पाहिजे. ती शाळांच्या दिशेने चालली तर एका शाळेची पुस्तके दुसरीच्या खात्यात जमा होत जातात, आणि यादीत शेवटी असलेली शाळा विनासायास पहिली ठरते! टॅब्लो नावाच्या आज्ञावलीत अशा गणनेची दिशा ठरविण्यासाठी ‘कॉम्प्यूट यूजिंग’ ही स्वतंत्र यादी आहे, आणि सूत्र लिहितानाच ‘डीफॉल्ट टेबल कॅल्क्युलेशन’ या दुव्यावरून सूत्राची ठरीव दिशा बदलून ठेवता येते. एक्सेलमध्ये ‘रनिंग टोटल इन’ हा पर्याय घेतला की कोणत्या घटकाच्या दिशेने बेरीज करावयाची, असे विचारले जाते. तेथे महिना निवडावा.

महिन्यांची नावे मराठी अक्षरांत लिहिली असल्यास यंत्र ती अकारविल्हे लावण्याचा संभव असतो. मग शालेय वर्षाच्या अखेरीचा एप्रिल सर्वांत वर येतो आणि जूनच्या बेरजेत एप्रिलची पुस्तके आधीच मिळविलेली दिसतात. यावर सोपा उपाय म्हणजे मूळ नोंदीत ‘०१ जून’, ‘०२ जुलै’ असे लिहावे. क्रमांकाआधीचे शून्य गाळू नये. अक्षरांच्या क्रमाने लावताना १० हा २ च्या आधी जातो, आणि मार्च महिना जुलैच्या अगोदर येऊन बसतो.