पेट्रोलपंपाचा पाया



पेट्रोल देणाऱ्या यंत्राचे वजन फारसे नसते. आठदहा माणसे उभी राहिली म्हणा ना! एवढ्याला पाया कशाला, असे आम्हीही आरंभी म्हणत असू. पण हा पाया भार पेलण्यापेक्षा धरून ठेवण्यासाठी असतो. पुष्कळ ठिकाणी टाकीतली मोटर इंधन दाबाने वर लोटते. मागे येणाऱ्या मालमोटारीने यंत्र पाडले, तर ते अडवावयाचे कोणी? त्यासाठी यंत्राच्या तळाशी नळात एक झडप असते. तिची मान मुद्दाम कमजोर ठेवतात. धडकेसरशी मान मोडते आणि झडप मिटते. मात्र मानेखालचा भाग काँक्रीटला पक्का जखडलेला हवा, आणि मान ओट्याच्या माथ्याशी यावी. सैल झडप मोडत नाही, नळासकट उपटते. मग ठिणगीचीच काय ती वाट.

दख्खनच्या काळ्या जमिनीत आणखी एक पेच आहे. ही माती पावसात फुगते, वैशाखात भेगाळते. उथळ ओटा तिच्याबरोबर उचलतो, कलतो, आणि नळांना ताण बसतो. म्हणून काळी काढून खाली मुरूम कुटून भरावा लागतो. मालक म्हणतात, "यंत्र तर हलके, खोदाई वाचवा." अहो, हलके म्हणूनच तर मातीला ते सहज उचलता येते!