शाळासोबती आणि राज्यसत्ता
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर आम्ही छत्तीस वर्षे वर्गात बोललो. आज पुनरुक्ती करीत नाही. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, प्राथमिक शाळेचे शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे जो ठराव यावयाचा आहे, त्याविषयी मनातले सांगणे आम्हांस अवश्य वाटते. वसतिगृहाच्या निधीतून दरवर्षी आपल्या ज्ञातीच्या दोन हुशार मुलांस एखाद्या बड्या निवासी इंग्रजी शाळेत पाठवावे, म्हणजे पुढे राज्यकारभारात आपली माणसे दिसू लागतील, असा त्या ठरावाचा आशय आहे. ठराव मांडणारे तरुण आहेत, त्यांचा हेतू शुद्ध आहे आणि त्यांचे निरीक्षणही खोटे नाही.

इंग्लंडात विंडसरच्या राजवाड्यापलीकडे, थेम्स नदीच्या दुसऱ्या तीरावर ईटन नावाची शाळा आहे. सहाव्या हेन्री राजाने ती १४४० साली स्थापन केली, ती सत्तर गरीब मुलांस विनामूल्य शिकविण्यासाठी. फी देणारी मुले तेव्हा गावात बिऱ्हाड करून राहत. पुढे बिऱ्हाडकरूच घरमालक झाले! आज शाळेत तेराशेंहून अधिक मुले आहेत, आणि राजाच्या शिष्यवृत्तीचे विद्यार्थी अद्याप सत्तरच. इंग्लंडचे पहिले पंतप्रधान गणले जाणारे रॉबर्ट वॉल्पोल याच शाळेचे; आणि २०१९ साली त्या पदावर आलेले बोरिस जॉन्सन हे या शाळेने दिलेले विसावे पंतप्रधान. एका शाळेने वीस पंतप्रधान द्यावेत, हे केवळ उत्तम अध्यापनाने घडत नाही. लॅटिन आणि गणित इतरत्रही शिकवीत असत.

मग घडते कसे? तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मुले एका छपराखाली राहतात, एका पंक्तीस जेवतात, एकमेकांची टोपणनावे ठेवतात. त्या शाळेत १८११ साली निघालेले 'पॉप' नावाचे थोरल्या मुलांचे एक मंडळ आहे. आरंभी ते वादविवादाचे मंडळ होते. पुढे ते मानाचे स्थान बनले आणि त्यातील मुलांस रंगीत जाकिटे घालण्याची मुभा मिळाली. त्याचे नवे सभासद दीर्घकाळ जुने सभासदच निवडीत. आपल्यांतून आपल्यांस निवडावयाचे, हा पाठ असा पोरवयातच गिरविला जाई.

तो पाठ मोठेपणी कसा कामास येतो, हे १९६३ साली दिसले. पंतप्रधान मॅक्मिलन आजारी पडले. ते ईटनचे, त्यांच्या आधीचे ईडन तेही ईटनचे. पक्षात मतदान झाले नाही. खासगीत विचारपूस झाली, मॅक्मिलन यांनी रुग्णालयातूनच राणीस सल्ला दिला, आणि लॉर्ड होम पंतप्रधान झाले. तेही ईटनचे, आणि पॉपचेही! त्याच पक्षाचे इयन मॅक्लाउड यांनी होम यांच्या हाताखाली मंत्रिपद घेण्याचे नाकारले, आणि १९६४ च्या जानेवारीत उघड लिहिले की, या निवडीत ज्यांचा हात होता अशा नऊ जणांपैकी आठ ईटनचे होते. यानंतर १९६५ साली त्या पक्षाने आपला नेता खासदारांच्या मतांनी निवडण्याची पद्धत सुरू केली. येथे कोणी लाच दिली नव्हती, कोणी कट केला नव्हता. त्या गृहस्थांस योग्य माणूस म्हणून जो दिसला, तो त्यांच्या ओळखीचा होता, इतकेच.

आपल्याकडे डेहराडूनची डून शाळा १९३५ साली निघाली, तेव्हा तिचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे ईटनमध्ये शिकविलेलेच होते. त्याही आधी राजपुत्रांसाठी इंग्रजांनी राजकोट येथे राजकुमार कॉलेज काढले होते. त्यात शिकलेले एक विद्यार्थी म्हणजे करवीरचे शाहू छत्रपती. भावनगरच्या भावसिंहजींशी त्यांचा स्नेह तेथेच जुळला आणि जन्मभर टिकला. परंतु या विद्यार्थ्याने त्या शिक्षणाचे निराळेच चीज केले. १८९६ साली महाराजांनी कोल्हापुरात सर्व जातींसाठी वसतिगृह काढून पाहिले. लाभ मुख्यतः एकाच वर्गास झाला. तेव्हा १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानले गेलेले, अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस आधार दिला. ज्यांच्या मुलांस शहरात पाठ टेकावयास जागा नव्हती, त्यांस जागा मिळाली. आपले वसतिगृह त्याच परंपरेतले, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो.

पण आमची एक गोष्ट आम्ही आजवर सांगितली नाही. आम्ही याच वसतिगृहात दोन वर्षे काढली. आमच्या खोलीतील एक सोबती पुढे जिल्ह्याच्या एका कचेरीत अधिकारी झाला. आमची बदली दूरच्या वाडीवर झाली, तेव्हा आम्ही त्यास पत्र टाकले. पत्रात अर्ज असा नव्हताच; भाकरीचे डबे, गळणारे छप्पर, असल्या जुन्या आठवणी होत्या आणि शेवटी एक ओळ बदलीची होती. आठ दिवसांत हुकूम फिरला. आम्हांस धन्यता वाटली. आमच्याऐवजी त्या वाडीवर जे गुरुजी गेले, त्यांची पत्नी अंथरुणास खिळलेली होती. त्यांनी रीतसर तीन अर्ज केले होते. पत्र टाकावे असा त्यांचा खोलीसोबती कोणी नव्हता. त्या बाईंस आम्ही कधी पाहिले नाही. गुरुजींस मात्र पुढे एका शिबिरात भेटलो. ते आमच्याशी फार अदबीने बोलले. त्यांस काही ठाऊक नसावे.

तेव्हा ईटनकरांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. दोन मुलांस बड्या शाळेत पाठविण्यास आमची हरकत आहे ती खर्चामुळे नव्हे. ती मुले परत येतील तेव्हा त्यांच्या ओळखी त्या शाळेतल्या असतील. आपल्या भागातल्या गुरुजींचा अर्ज त्यांस कागदच दिसेल. दोन मुलांस वरच्या पंक्तीस बसविण्यापेक्षा आपली पंक्त रुंद करणे आपल्या हाती आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले. पण १९२४ साली साताऱ्यास त्यांनी स्वतः वसतिगृह काढले, ते सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून एकत्र जेवण्यासाठी. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले.

यंदा आपल्या वसतिगृहात पाच जागा रिकाम्या आहेत. अर्ज नऊ आले असून त्यांतील सहा ज्ञातीबाहेरचे आहेत. नियमावर बोट ठेवून कार्यालयाने ते बाजूस काढले आहेत. उद्याच्या ठरावास आमची उपसूचना अशी की, प्रवेशाच्या नियमातील 'ज्ञातीतील' हा शब्द गाळावा, आणि ते सहा अर्ज याच सभेपुढे ठेवावेत. उपसूचनेस अनुमोदक हवा आहे. सभा उद्या सकाळी दहा वाजता याच मंडपात आहे.