आधी नळीचं तोंड

भंडारा हा तलावांचा जिल्हा. माझ्या लहानपणी हिवाळ्यात बदकांमागोमाग शिकारीही येत. आमच्या मामूंकडे बारा बोअरची दुनळी होती. नवख्याला ते सांगत, "आधी नळीचं तोंड बघ." तिथे नळी किंचित आवळलेली असते, तिला चोक म्हणतात. आवळ जास्त, तर छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात. कमी, तर लवकर पांगतात. एक नळी जवळच्या पक्ष्यासाठी, दुसरी लांबच्या. "नळी चुकली तर पक्षी जखमी होऊन लव्हाळ्यात शिरतो. तो गुनाह तुझ्या माथी."

पहिल्याच बाराला मी चुकलो. अंधार पडेपर्यंत लव्हाळं धुंडाळलं. पक्षी सापडला नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने संपले. आजही बदकं उतरली, की पाळीवर बसून मी अंतर मोजतो. हातात दुर्बीण असते.