बाद नोंदींचे दप्तर



निवड झाल्याबद्दल आभार मानावेत आणि लागलीच आपली अपात्रता विनयाने निवेदन करावी, असा अध्यक्षीय भाषणाचा जुना रिवाज आहे. त्यांपैकी आभार मी मनःपूर्वक मानतो. अपात्रतेचे म्हणाल, तर ती केवळ शिष्टाचारापुरती नसून तिचा लेखी पुरावा माझ्या पिशवीत आहे, आणि माझे आजचे सारे म्हणणे त्याच्याभोवतीच फिरणार असल्यामुळे तो आरंभीच सभेपुढे दाखल करतो.

ही पाहा, पुठ्ठा सुटलेली एक जुनी प्रयोगवही. १९७२ साली औषधशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असताना मी सशाच्या महारोहिणीवर काम करीत होतो. (रोहिणी म्हणावे की धमनी, ह्याचा निकाल लागण्याची वाट पाहत बसलो तर भाषण उद्यावर जाईल, शाळेत मी रोहिणी शिकलो म्हणून रोहिणी म्हणतो, ज्यांना धमनी हवी त्यांनी मनातल्या मनात दुरुस्ती करून घ्यावी.) त्या रोहिणीची मळसूत्री पट्टी कापून ती सदतीस अंशांच्या क्षारद्रवात टांगायची, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, वरच्या टोकाचा दोरा तरफेला बांधायचा, तरफेचे टोक काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर टेकवायचे आणि वाट पाहत बसायचे, पट्टी आखडली की रेघ चढते, सैलावली की उतरते, आणि संध्याकाळी तो कागद लाखेच्या द्रावणातून काढून दोरीवर वाळत घालीपर्यंत हाताला, नाकाला आणि बहुधा डब्यातल्या पोळीलाही काजळी लागलेली असे. असेटिलकोलीनने सशाच्या महारोहिणीची पट्टी आखडते, असे पुस्तकात छापलेले होते, आणि माझ्या पट्ट्याही त्या छापील वचनाप्रमाणे निमूटपणे आखडत. एके दिवशी मात्र नॉरअ‍ॅड्रेनलिनने आधीच आखडलेल्या एका पट्टीवर तेच असेटिलकोलीन टाकले, तो रेघ चढण्याऐवजी सरळ खाली उतरली. वहीच्या ४१ व्या पानावर तो कागद अजून चिकटवलेला आहे, आणि त्याखाली माझ्याच हस्ताक्षरात लिहिले आहे : ‘पट्टी खराब. प्रयोग बाद.’ शेजारी आमच्या गुरुजींचा तांबड्या शाईचा ‘पाहिले’ असा शेरा आणि सही आहे.

पुढे सहा वर्षांनी, १९७८ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील आपल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फर्चगॉट ह्यांच्या सहायकाकडून द्रव्ये टाकण्याच्या क्रमात चूक झाली, आणि रोहिणीचे आखडलेले कडे आखडत न जाता सैल पडले. विशेष हे की, असेटिलकोलीनने पट्टी आखडते हे १९५३ साली दस्तुरखुद्द फर्चगॉट ह्यांनीच प्रसिद्ध केले होते. म्हणजे त्या चुकीच्या निकालाविरुद्ध साक्ष द्यायला त्यांच्याइतका अधिकारी साक्षीदार जगात दुसरा नव्हता. तरीही त्यांनी ती नोंद बाद केली नाही. पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटांना किंवा इतर पृष्ठभागांना घासते आणि तिच्यावरचा अवघ्या एका पेशीच्या जाडीचा अंतःस्तर खरवडून निघतो. कडे कापताना तो शाबूत राहतो. आणि सैलावण्याचा हुकूम स्नायूला तो अंतःस्तरच देतो, हे त्यांनी एकेक शक्यता निकालात काढीत सिद्ध केले व १९८० मध्ये प्रसिद्ध केले. पाव शतक जगभरचे प्रयोगकर्ते मुख्य कामगाराला दाराबाहेर घालवून कारखान्याची तपासणी करीत होते! तो हुकूम घेऊन जाणारा जासूद म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, दोन अणूंचा एक क्षुद्र वायू, हे ठरायला आणखी सहा-सात वर्षे लागली. नायट्रोग्लिसरिनमधून हाच वायू सुटतो हे फेरिड म्युराड ह्यांनी १९७७ मध्येच दाखविले होते. १८७९ पासून डॉक्टर लोक हृच्छूळावर जे औषध देत आले, आणि ज्याच्या भावंडाची बारीकशी गोळी आपल्या घरोघरच्या आजोबांच्या खिशात जिभेखाली ठेवण्यासाठी असते, त्याचे मर्म अशा रीतीने शतकानंतर उमगले. फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड ह्यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माझी पट्टी खराब नव्हती. खराब होता तो माझा शेरा.

हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे रेणवीय संशोधन म्हटले की लखलखीत यंत्रे आणि अगम्य आद्याक्षरे डोळ्यांपुढे येतात, आणि आपण जिल्ह्याच्या गावी दवाखाना चालविणारे लोक त्या प्रांतात उपरे आहोत असा एक न्यूनभाव मनात घर करतो. मला मात्र ह्या शास्त्राचा इतिहास जमाखर्चाच्या वहीसारखा वाचता येतो. जी रक्कम कोणत्याच खात्यात बसत नाही ती संशयास्पद म्हणून खोडून टाकणारा कारकून आणि तिची रुजवात घालीपर्यंत दिवा न मालवणारा कारकून, ह्या दोघांतला जो फरक, तोच संशोधकासंशोधकांतही आहे.

कोलेस्टेरॉलचीच कथा घ्या. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव ह्यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल सशांना चारून त्यांच्या रोहिणींत मेदाचे थर उत्पन्न केले, तेव्हापासून आरोपी माहीत होता. गुन्ह्याची रीत माहीत नव्हती. ती उलगडली लाखो सामान्य रुग्णांवरून नव्हे. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेली, दहा लाखांत एखादेच असणारी, बालपणीच हृदयविकाराने गाठलेली जी मुले असतात, त्यांच्या त्वचेच्या पेशी डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन ह्यांनी काचपात्रात वाढविल्या. निरोगी पेशीला बाहेरून एलडीएल मिळाले की ती स्वतःचे कोलेस्टेरॉल बनविणे थांबवते. ह्या मुलांच्या पेशी थांबतच नव्हत्या, कारण एलडीएल आत ओढून घेणारा ग्राही त्यांच्या पृष्ठभागावर नव्हता किंवा निकामी होता. अंगणात धान्याची रास पडलेली आणि घरात मात्र चूल उपाशी, अशी ती स्थिती! १९७३-७४ च्या ह्या कामाला १९८५ मध्ये नोबेल मिळाले.

ही मुले केवळ डॅलसमध्येच जन्मतात असे नाही. १९८० च्या सुमारास मी ज्या रुग्णालयात नोकरीला होतो, तेथे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आईबापांनी एस.टी.ने आणला होता. गुडघ्यांवर, कोपरांवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर पिवळट गाठी. खाज नाही, दुखणे नाही, फक्त शाळेत पोरे चिडवतात एवढीच तक्रार. बाह्यरुग्ण विभागात मलम लिहून देण्यात आले. कुणा उत्साही तरुण डॉक्टराने रक्तही काढून पाठविले; प्रयोगशाळेत आकडा इतका मोठा आला की तंत्रज्ञाने तो खोडून ‘पुन्हा नमुना मागवावा’ असे लिहिले. तो कागद चार दिवसांनी माझ्या हाती पडला तेव्हा मंडळी मलम घेऊन गावी परतली होती, आणि केसपेपरवर पत्त्याच्या जागी नुसते तालुक्याचे नाव होते. मी पत्र लिहायचे ठरविले. पण लिहिणार कुणाला? त्या वर्षीचे केसपेपर पुढे रद्दीत गेले. त्या मुलाचे काय झाले असेल, ह्याची कल्पना ह्या सभेतील प्रत्येकाला करता येईल.

औषधाचीही गोष्ट तशीच. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंदो ह्यांनी १९७१ पासून सुमारे ६,००० सूक्ष्मजीवांचे अर्क तपासले, आणि क्योतोच्या एका धान्यदुकानातील तांदळावर वाढलेल्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा रेणू सापडला. तो उंदरांना दिला तर काहीच परिणाम नाही. कंपनीच्या हिशेबी प्रकरण संपले होते. एंदो ह्यांनी मात्र एका सहकाऱ्याकडच्या, प्रयोग संपून मरणपंथाला लागलेल्या, अंडी घालणाऱ्या कोंबड्या मागून घेतल्या, आणि त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर, तेव्हा कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार, हा तर्क कोणत्याही शेतकऱ्याला सुचावा असा आहे, आणि एंदो शेतकऱ्याच्याच घरचे होते. स्टॅटिन म्हणून आज मधुमेह्यांच्या आणि हृद्रोग्यांच्या डब्यांत जी गोळी असते, तिचा हा वंशवृक्ष. त्यातली पहिली विक्रीयोग्य गोळी १९८७ साली आली.

आजारी माणसाची नोंद तरी कशीबशी होते. निरोगी माणसाची कोण ठेवतो? पीसीएसके-९ नावाचे प्रथिन एलडीएलच्या ग्राहींना मोडीत काढते. त्याचा जोर वाढविणारा जनुकदोष पॅरिसच्या संशोधकांना २००३ मध्ये, उच्च कोलेस्टेरॉलच्या कुटुंबांत, सापडला. पण त्यावर औषध करावे असा धीर आला तो डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन ह्यांनी उलट्या टोकाच्या, म्हणजे अतिशय कमी एलडीएल असलेल्या, धडधाकट माणसांचा शोध घेतल्यावर. त्यांत तिशीतली एक स्त्री निघाली, जिचे एलडीएल अवघे १४ होते आणि प्रकृतीची काडीमात्र तक्रार नव्हती. २००६ च्या त्यांच्या निबंधात, हे प्रथिन निकामी करणारा दोष ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत जन्मतः होता, त्यांच्यात रोहिणीविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, त्या प्रथिनाला अडविणारी इंजेक्शने बाजारात आली. आपल्या किती प्रयोगशाळांतून असा ‘१४’ हा आकडा यंत्रातील बिघाड म्हणून परत पाठविला गेला असेल, ह्याचा विचार मनात आला की मला त्या एस.टी.ने आलेल्या मुलाचा खोडलेला आकडा आठवतो.

आम्हांला दप्तर ठेवता येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधा दिलेल्या ५० रक्तदाबाच्या रुग्णांचे आकडे टिपून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. सर्पगंधा वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि सलीमुज्जमाँ सिद्दीकी ह्यांनी १९३१ मध्येच तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली होती. तथापि जगाने कान टवकारले ते वकिलांचा तक्ता वाचून. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले, आणि मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरअ‍ॅड्रेनलिनचे कोठार ते रिते करते हे कळता कळता रक्तदाबाचे अवघे शास्त्रच पालटले. वकिलांना १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळाले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती मातांच्या आहाराची आणि त्यांच्या मुलांच्या वजनाची जी वही डॉ. याज्ञिकांच्या चमूने उघडली, ती त्या मुलांना मुले होण्याची वेळ आली तरी मिटलेली नाही.

हैदराबादच्या कुमारसामी तंगराज प्रभृतींनी २००९ मध्ये दाखविले की, हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरे भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत गळालेली आहेत, आणि अशांना उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका अधिक असतो. एवढी एकच गळती पुरेशी, की तिच्या सोबतीला दुसरा फेरफार लागतो, ह्यावर पुढे वाद माजला, वाद माजावाच. पण त्याचा निवाडा व्हायचा तर तिशीतल्या माणसाची नोंद त्याच्या सत्तरीपर्यंत टिकली पाहिजे, आणि आपल्याकडे दर वर्षी नवा केसपेपर, नवा नंबर, नवी सुरुवात! संगणक आल्यापासून रद्दीवाल्याचा तेवढा धंदा बसला. पत्त्याच्या रकान्यात तालुक्याचेच नाव असते.

ह्या संबंधात मी परिषदेच्या चिटणिसांकडे एक मागणी केली होती, आणि त्यांनी कार्यकारी मंडळात बरीच भवति न भवति होऊनही ती मान्य केली, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. उद्या सकाळची पहिली बैठक केवळ बाद ठरविलेल्या प्रयोगांसाठी आणि खोडलेल्या आकड्यांसाठी राखून ठेवली आहे. सात निबंध आले आहेत; दोघांनी नाव न छापण्याच्या अटीवर पाठविले, ती अट आम्ही पाळली आहे. पहिला निबंध माझा, वहीचे पान ४१. बैठक साडेनऊला सुरू होईल. तोवर ही वही इथे टेबलावर राहील, ज्यांना पाहायची असेल त्यांनी खुशाल पाहावी. मात्र कागदाला बोट लावू नये, कारण लाख जुनी झाली आहे आणि काजळी अजून हाताला येते.