कोच शोधण्याआधी मालकाची मुलाखत घ्या

सांगवीतून बोलतोय. आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण भोसरी-चाकणला कामाला जाणाऱ्यांनाही तो ओळखीचा वाटेल. टीम सारखी हरतेय, मालक प्रत्येक गोष्टीत बोट घालतोय आणि अशा वेळी नवा हेड कोच नेमायचाय. कुठून सुरुवात करायची?

बहुतेक जण नावांपासून सुरुवात करतात. हा आणू का तो आणू? माझं म्हणणं असं, की नावं शेवटी येतात. आधी मालकाची मुलाखत घ्यायला हवी.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब आपल्या पुण्याच्या वेंकीज कंपनीचा आहे. हो, तीच कोंबडीवाली वेंकीज. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. क्लब साधासुधा नव्हता. १९९४-९५ चं प्रीमियर लीग विजेतेपद त्यांच्या नावावर आहे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, ही टीम पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला बालेवाडीला आली होती. म्हणजे आपल्या इथून औंध ओलांडलं की थोडं पुढे.

आता घटनाक्रम बघा. क्लब ताब्यात आल्यावर महिनाभरातच मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं. (तिकडे हेड कोचला बऱ्याचदा मॅनेजर म्हणतात.) टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती. फार भारी नाही, पण बुडतही नव्हती. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. तोवर ते त्याच टीमचे कोच होते, पण मुख्य मॅनेजर म्हणून कुठेच काम केलेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तेव्हा खूप गाजली. क्लब विकत घेताना ज्या एजंटने सल्ला दिला, तोच कीन यांचाही एजंट होता. कीन चर्चेसाठी इंग्लंडहून पुण्याला खेपा घालायचे. मे २०१२ मध्ये टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली. त्या रात्री कोणीतरी मैदानात चक्क कोंबडी सोडली. प्रेक्षकांचा राग कोणावर होता, हे सांगायला नको.

पुढचा हंगाम त्याहून वाईट. सप्टेंबरअखेर कीन गेले. मग हेनिंग बर्ग आले, ५७ दिवस टिकले. मग मायकेल अ‍ॅपलटन, ६७ दिवस. एका हंगामात तीन कायमस्वरूपी मॅनेजर गेले. यातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द काय कामाचा, तुम्हीच सांगा.

बर्ग यांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. त्यांचा करार तीन वर्षांचा होता. दहा सामन्यांत एक जिंकला आणि काढलं. राहिलेल्या पगारासाठी ते कोर्टात गेले. क्लबने आधी देणं मान्य केलं. नंतर पवित्रा बदलला, की आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला असा करार करायचा अधिकारच नव्हता! कोर्टाने ते ऐकलं नाही. २०१३ मध्ये बर्ग यांना साडेबावीस लाख पौंड मिळाले. ५७ दिवसांनी भागा. दिवसाला जवळजवळ चाळीस हजार पौंड.

पैसे तर गेलेच. पण ज्या संस्थेत ‘कोचशी करार करायचा अधिकार कोणाचा’ हेच कोर्टात जाऊन ठरवावं लागतं, तिथे उद्या कोणता चांगला माणूस यायला तयार होईल?

मुद्दा हाच आहे मंडळी. ढवळाढवळ कोच आल्यावर सुरू होते असं आपण समजतो. तसं नाही. ती कोच येण्याआधीच आपलं काम करते. ज्याच्याकडे चार ठिकाणची बोलावणी आहेत, तो आधीच्या तिघांचं काय झालं ते बघतो आणि नम्रपणे नाही म्हणतो. मग उरतात दोन प्रकार. एक, ज्याला दुसरीकडे कोणी विचारत नाही. दुसरा, जो काढलं तरी भरपाई मिळेल असा करार करून येतो. मालक म्हणतो, ‘आम्हाला चांगली माणसंच मिळत नाहीत.’ नाचता येईना, अंगण वाकडं.

कंपनीत हेच बघतो ना आपण? रिजेक्शन वाढलं म्हणून नवा प्रॉडक्शन मॅनेजर आणतात. आणि मालक रात्रपाळीला थेट ऑपरेटरला फोन करून सेटिंग बदलायला सांगतो. पंधरा दिवसांत ऑपरेटरला कळतं, की मॅनेजरचं ऐकलं नाही तरी चालतं. ड्रेसिंग रूममध्येही असंच होतं. खेळाडूला थेट मालकाचा नंबर मिळाला, की कोच संपला.

मग करायचं काय? मालकाने तीन गोष्टींची उत्तरं कागदावर द्यायची.

पहिली: पैसा किती आणि लक्ष्य काय? टिकून राहायचंय की वर जायचंय? हे ठरवणं मालकाचा हक्कच आहे. पैसा त्याचा आहे.

दुसरी: कोणता निर्णय कोणाचा? अकरा खेळाडू कोण, हे फक्त कोच ठरवणार. नवा खेळाडू घेताना मालक ‘एवढे पैसे नाहीत’ म्हणू शकतो, ‘हा घ्याच’ म्हणू शकत नाही. आणि मालक आणि कोच यांच्यामध्ये एकच माणूस हवा. चार सल्लागार नकोत.

तिसरी: हिशेब कधी? दर रविवारी सामना संपल्यावर नाही. तारखा आधी ठरवा, त्याच दिवशी बोला.

मालक हे द्यायला तयार नसेल, तर नावांची यादी करण्यात वेळ घालवू नका.

न्यायाने बोलायचं तर ब्लॅकबर्नच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. एवढं होऊनही वेंकीजने क्लब सोडून दिला नाही, वर्षानुवर्षं त्यात पैसा ओतला. आणि एकदा त्यांनी धीरही धरला. फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे आले. तीनच महिन्यांत टीम आणखी खालच्या, म्हणजे तिसऱ्या स्तरावर गेली, तीही केवळ गोलफरकाने. जुन्या सवयीप्रमाणे त्यांना काढायला हवं होतं. ठेवलं. पुढच्याच हंगामात ९६ गुण मिळवून टीम पुन्हा वर आली आणि मोब्रे २०२२ पर्यंत राहिले. मालक तेच, क्लब तोच. फरक धीर धरण्याचा होता.

पण अशी प्रतिमा पुसायला वेळ लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्लॅकबर्न पाचव्या नंबरवर, वर जायच्या शर्यतीत होती. तरी मॅनेजर जॉन युस्टेस तळाशी झगडणाऱ्या डर्बी काउंटीकडे गेले. डर्बी त्यांचा जुना क्लब, तेही कारण असेल. पण चढत्या टीमचा मॅनेजर पडत्या टीमकडे जातो, तेव्हा मालकाने आरशात बघावं.

आपल्या बालेवाडीचं काय झालं, तेही आठवा. एफसी पुणे सिटीने २०१४ पासून पाच हंगाम खेळले, आणि पाचही हंगामांची सुरुवात वेगळ्या कोचने केली. २०१७-१८ मध्ये रान्को पोपोविच यांनी टीम पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेली. पुढच्या हंगामात तेही नव्हते. त्यांच्यानंतर आलेले पोर्तुगाल तीन सामन्यांत गेले. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. क्लब बुडायला कारणं अनेक असतात, सगळं कोच बदलण्यावर ढकलणार नाही. पण दरवर्षी पाया नव्याने खणला, तर भिंत कधी उभी राहणार?

आपल्या गल्लीतल्या टीमलाही हे लागू आहे. जर्सी देणारा दादा असतो, त्याचा पुतण्या असतो आणि ‘त्याला खेळवा’ असा निरोप असतो. तिथे शिकवणारा सर दोन महिन्यांत कंटाळून जातो. सर गेला की पोरंही गळतात. जर्सी मात्र कपाटात राहतात.

तुमच्या मंडळात, कंपनीत असा नवा माणूस आणताना आधी काय ठरवलं होतं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.